दीड कोयता

११ ऑगस्ट, सोमवार

सोमेश्वर सरांनी सांगितलंय, रोज लिहीत जा. काय पाहिलंस, कुणाला भेटलास, काय ऐकलंस. ते फोनवर लिहून दर शनिवारी पुण्याला पाठवायचं. त्यातून उरलेलं या वहीत. उरलेलंच जास्त निघणार असं दिसतंय.

नोकरीचं नाव रिसर्च ट्रेनी. तीन महिने चाचणीवर, मग पक्कं किंवा घरी. पुण्याची ही कंपनी लोकांचे पैसे घेऊन शेअरमध्ये गुंतवते आणि सर त्यातला एक फंड सांभाळतात. आपणही पुढंमागं असा फंड सांभाळायचा, असं मी मुलाखतीत म्हणालो होतो. मग त्यांनी ताळेबंद वाचायला दिला. मी तो बराच वेळ बघत बसलो. एमबीए केलं खरं, पण वर्गात कमी आणि बाहेर जास्त. मधले चार महिने तर गोव्यात एका हॉटेलात होतो, परीक्षेपुरता परत आलो. सरांनी ताळेबंद काढून घेतला आणि गाव विचारलं. चौसाळ्याजवळची वाडी म्हणालो. मग साखरेवर, ऊसतोडीवर, मुकादमांवर मीच बोलत सुटलो, थांबलोच नाही. सर मूळचे लातूरकडचे. शेवटी म्हणाले, "इथं सगळ्यांना एक्सेल येतं रे. तुला फिरता येतं. तू फीर."

फिरायचे पैसे देणारी नोकरी मला पहिल्यांदाच मिळाली.

काम सोपंय. सरांच्या फंडात एका साखर कंपनीचे पुष्कळ शेअर आहेत. तिचा ऊस तोडायला आपल्या जिल्ह्यातनं माणसं जातात. ती यंदा वेळेवर जाणार का, पुरेशी जाणार का, हे सांगायचं. माणसं नाहीत तर गाळप नाही, गाळप नाही तर नफा नाही, मग शेअर पडणार. पडायच्या आधी सरांना कळलं पाहिजे.

१४ ऑगस्ट

उमापूरला एका मुकादमाला भेटायला निघालो. वाटेत एकजण वरातीच्या घोडीला नाच शिकवत होता. हलगी वाजली की घोडीनं पुढचे पाय उचलायचे. घोडी काही उचलेना, हलगीवाला तिच्यावर चिडायला लागला, मालक हलगीवाल्यावर. शेवटी ती खाली बसली. दुपार तिथंच गेली. मुकादम भेटला नाही.

१६ ऑगस्ट

पहिला रिपोर्ट पाठवला. सरांचा फोन आला. "घोडीचं राहू दे, प्रवीण. माणसांचं लिही."

२० ऑगस्ट

काल कडा गावात होतो. कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर चहा पीत बसलो की माणसं आपोआप बोलतात, हे माझ्या लक्षात आलंय. फक्त आपण घाई करायची नाही. घाई मला कधीच नसते. पण सगळे एकच सांगतात, यंदा ऊस चांगलाय. ते सरांना पुण्यात बसूनही माहिती आहे.

२२ ऑगस्ट, पोळा

घरी आलो. दादाकडं आता बैल नाहीत, तरी वहिनीनं मातीचे बैल पुजून पुरणपोळी केली. त्यांची आरोही दहावीला पंच्याऐंशी टक्के घेऊन बीडला अकरावी सायन्सला गेलीय, तिथंच वसतिगृहात राहते. सणाला आली होती. मला विचारत होती, "काका, तुमी दुसऱ्याच्या पैशाचं नुकसान केलं तर तुमाला भरावं लागतं का?" म्हणालो, नाही. "मग लई भारी नोकरी हाय."

वाडीत एक गोष्ट वेगळी दिसली. दरसाल पोळ्यापर्यंत इथल्या बहुतेक घरांनी उचल घेतलेली असते. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादम देतो ती आगाऊ रक्कम, पुढं तोड करून फेडायची. ती कोयत्यावर मिळते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. एकटं माणूस असलं तर अर्धा कोयता. पैसे कायम नवऱ्याच्या हातात पडतात. यंदा बंकट मुकादम बॅग घेऊन पारावर बसून होता आणि त्याच्याकडं कुणी फिरकत नव्हतं.

दादाला विचारलं तर तो वैतागलेलाच होता. "ही म्हणती दसऱ्याच्या पुढं बघू. कावून म्हणलं तर म्हणती कंबर दुखती. परसोबाची बायको बी तेच म्हणती, हनुमानची बी तेच. सगळ्याच्या सगळ्या वाडीची कंबर एकदम कशी दुखती बे?"

दादाला जोडीनं जायचंय आणि सगळी उचल ट्रॉलीत घालायचीय. ट्रॉली झाली की तो स्वतःच मुकादम होणार. हे तो तीन वर्षं सांगतोय.

२५ ऑगस्ट

वहिनी म्हणाली, "भाऊजी, मला अन् छबुआजीला चौसाळ्याला सोडता का? बँकेत काम हाय." बाईकवर तिघं बसलो. छबुआजी मधे. आमच्या शेजारची, साठीला टेकलीय, अजून तोडीला जाते. "हळू हाक रे बाबा, माझी हाडं सरकारी न्हाईत."

दोघींना खातं उघडायचं होतं, आपापल्या नावावर. फॉर्म मीच भरले. एमबीएचा घरच्यांना झालेला हा पहिला उपयोग. बँकेतल्या पोरानं छबुआजीला व्यवसाय विचारला. ती म्हणाली, "अर्धा कोयता." त्यानं गृहिणी लिहिलं.

बाहेर आल्यावर उसाचा रस घेतला. मी सहज विचारलं, एकदम खातं कशाला? वहिनी छबुआजीकडं बघायला लागली. आजी म्हणाली, "सांग की. घरचाच हाय."

मग वहिनीनं सांगितलं. पंचमीला लेकी माहेरी येतात. वारुळाला जाऊन झाल्यावर झोके, फुगड्या चालू असतात, तिकडं पुरुष फिरकत नाहीत. तिथं यंदा बायकांचं ठरलं. दसऱ्यापर्यंत कुणीच जायला हो म्हणायचं नाही. निम्मी उचल बाईच्या खात्यावर आणि मुक्कामाला कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी, न्हाणी, हे कबूल झालं तरच. बाई नाही तर कोयता अर्धाच, आणि नुसत्या अर्ध्यांवर टोळी होत नाही. लेकी परत सासरी गेल्या त्या हे घेऊन गेल्या. आता आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांत हेच चाललंय.

"दसऱ्याला मुकादमाच्या जिवाची लाही होती," आजी म्हणाली, "तिकडं मोळी पडून कारखाना चालू व्हायची वेळ आन् हिकडं टोळी न्हाई. तवा बोलायचं. तवर कंबर दुखती."

वहिनीचं गणित सरळ आहे. आरोहीच्या वसतिगृहाचा दुसरा हप्ता दिवाळीच्या आत भरायचाय. "तुमच्या दादांच्या हातात पैसा पडला की त्याची ट्रॉली झाली म्हणून समजा. अन् पोरगी वसतिगृहातून निघाली की हे तिला संगं घेणार. सोळाची झाली म्हणतेत, हात चालतेत." मग म्हणाली, "कुणापाशी बोलू नका, भाऊजी. बंकटला कळलं तर दसऱ्यापतुर टिकायचं न्हाई."

"मी कुणाला बोलतोय?" म्हणालो.

येताना आजीनं फुगडीचं एक गाणं म्हणून दाखवलं. त्यात मुकादमाचं नाव घालून चेष्टा केलीय. रेकॉर्ड करायचं राहिलं.

३० ऑगस्ट, शनिवार

आज पहिल्यांदा लिहिण्यासारखं काहीतरी होतं. फोनवर लिहायला बसलो आणि थांबलोच नाही. चौसाळा पट्टा. बायकांनी पंचमीला ठरवलंय. दसऱ्यापर्यंत उचल नाही. मुकादमांना कारण माहीत नाही. कारखान्याला वेळेवर टोळ्या मिळणार नाहीत किंवा जास्त पैसे मोजावे लागतील. कुणाचंही नाव लिहिलं नाही. वाडीचंही नाही.

पाठवल्यावर पाच मिनिटांत सरांचा फोन. "प्रवीण, हे कुठून मिळवलंस?" फिरून, म्हणालो. "हे दुसऱ्या कुठल्याच फंडाकडं नसणार. लई भारी." सर इतक्या दिवसांत पहिल्यांदा लई म्हणाले.

आनंदात बीडला जाऊन सिनेमा बघितला. बरा होता.

३ सप्टेंबर

सरांनी दुपारी सांगितलं, काही शेअर विकले. मग कंपनीच्या लोकांबरोबर त्यांचा कॉल होता, मोठे गुंतवणूकदार असतात तसला. त्यात सरांनी विचारलं, "बीडमधल्या बायकांनी पंचमीला ठरवलंय म्हणे, दसऱ्यापर्यंत उचल घेणार नाहीत. तुमची तयारी काय?" समोरचे गार पडले. त्यांना पत्ताच नव्हता. "त्यांच्या धंद्याचं त्यांना आपण सांगितलं," सर हसत होते. "याला म्हणतात रिसर्च."

मलाही हसू आलं. आपल्या वाडीची गोष्ट कुठल्या कुठं पोहोचली.

५ सप्टेंबर

पाऊस चालू आहे. घोडीवाल्याचा नंबर घेतला होता, त्याला फोन केला. घोडी अजून पाय उचलत नाही.

८ सप्टेंबर

बंकट मुकादम आज घरीच आला. मला बघून, "काय बे शेअरवाल्या, बरं हाय का," असं म्हणून बाजेवर बसला. दादा खूश झाला. वहिनीनं चहा आणून ठेवला.

बंकट तिला म्हणाला, "काय म्हणती कंबर, मंगलबाई?"

"दुखती."

"पंचमीपासून दुखती म्हणं. वारुळापाशीच धरली का?"

बंकट दादाकडं वळला. "परमेश्वर, तुला म्हणून सांगतो. मला काल कंपनीच्या सायबाचा फोन आलता. म्हणला, तुमच्याकडच्या बायकांनी पंचमीला शपथा घेतल्यात, दसऱ्यापर्यंत उचल घ्यायची न्हाई, तू काय झोपा काढतो का? मी म्हणलं सायब, मी रोज त्यांच्या दारात असतो, मला म्हायती न्हाई अन् तुमाला कसं म्हायती? तर म्हणतो, पुण्याहून कळलं."

वहिनी माझ्याकडं बघत होती. रागानं असं नाही. जसं बँकेत फॉर्म भरताना बघत होती तसंच.

मी चहा घेतला.

दादा तिच्यावर ओरडायला लागला, "काय गं, काय ठरलंय तुमचं?" बंकटनं त्यालाच गप्प केलं. "ओरडू नको. बाईमाणूस हाय. सायबानं वाढीव पैसे दिलेत, आत्ता घेतली तर वीस हजार जास्त. दसऱ्याला ही वाढ न्हाई. अन् तोडायचं मशीन बी सांगितलंय त्यांनी, अन् नंदुरबारच्या टोळ्या. मग बसा कंबर शेकत."

संध्याकाळी परत तपासलं. रिपोर्टात मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही.

११ सप्टेंबर

बंकट वाडी-वाडीत फिरतोय. इथं सांगतो की छबुबाईच्या लेकीच्या वाडीनं उचल घेतली. तिथं सांगतो, छबुबाईच्या वाडीनं घेतली. आजी खरंखोटं करायला पावसात एसटीनं लेकीकडं गेली. तिथं कुणीच घेतलेली नव्हती. ती परत येईपर्यंत इथं हनुमानच्या घरानं घेतली.

पद्धत म्हणून बघितली तर हुशार आहे. एकाला कळायच्या आत दुसऱ्याला विकायला लावायचं. बाजारातही असंच होतं, सर म्हणतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

लिहिलं: चौसाळा पट्ट्यातली एकजूट फुटतेय. दसऱ्याआधी टोळ्या भरतील. मधे भाव पडला होता, सरांनी विकलेले शेअर स्वस्तात परत घेतले.

१६ सप्टेंबर

दादानं उचल घेतली. चौसाळ्याच्या एका हॉटेलात, वहिनीला न सांगता. घरी पेढे घेऊन आला. वहिनीनं एक उचलून देवापुढं ठेवला आणि बाकीचे छबुआजीकडं पाठवले. आजीनं ते परत पाठवले.

निम्मी खात्यावर टाक, असं मी दादाला म्हणून बघितलं. दादा म्हणाला, "तू तुझं पुण्याचं बघ की बे." मग मी विषय सोडला. खरं म्हणजे पटवून सांगता आलं असतं. पण पटवायला गेलो असतो तर मला हे सगळं कधीपासून माहीत होतं, तिथं गोष्ट गेली असती.

जेवताना वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, पंचमीचं मी तुमच्या दादांना बी सांगितलं नव्हतं." एवढंच. भाजी हवी का, असंही त्याच आवाजात विचारलं.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला छबुआजीकडं गेलो. पाया पडलो. तिनं आपट्याचं पान घेतलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "लई फिरतो रे तू. तुझं नशीब, तुला तोडायला लागत न्हाई." मग मी तिला ते फुगडीचं गाणं म्हणायला सांगितलं, रेकॉर्ड करतो म्हणालो. म्हणाली, "इसरले."

आज बायकांच्या ठरावाचा शेवटचा दिवस होता. वाडीत उचल न घेतलेलं एकच घर उरलंय, आजीचं. ती एकटीच असते.

७ ऑक्टोबर

सरांनी ट्रेनिंगला पुण्याला बोलावलंय. ऑफिस अकराव्या मजल्यावर. काचेला नाक लावलं की खाली नदी दिसते. ताळेबंद कसा वाचायचा ते एक मुलगी शिकवते. आता थोडं कळतं. मजुरी खर्चात धरतात, हे नव्यानं कळलं.

११ ऑक्टोबर

आरोहीचा मेसेज. "काका, हॉस्टेलचा हप्ता सोमवारपर्यंत आहे. पप्पा नाही म्हणाले. तुम्ही भरू शकता का? मी नंतर देईन." नंतर कुठून देणार, असं वाटून हसू आलं. पगार झालाच आहे. संध्याकाळी भरतो असं लिहिलं. मग ऑफिसातले दोघंतिघं पुलावर निघाले होते, तिथं एकजण गळ टाकून बसला होता. शहराच्या मधोमध, एवढ्या घाण पाण्यात. त्याला मासे लागतात का ते बघत थांबलो. लागला एक.

१६ ऑक्टोबर

हप्त्याचं आज आठवलं. आरोहीला फोन केला. ती वाडीवर पोहोचली होती. "राहू द्या काका. मुदत गेली. सामान आणलं मी." मागं दादा कुणाला तरी ट्रॉलीचा रंग सांगत होता.

पैसे अजून माझ्या खात्यात आहेत. पाठवू का म्हणालो. म्हणाली, "आता कशाला?"

२५ ऑक्टोबर

पक्कं झालो, तीन महिने भरायच्या आधीच. पत्र आलं. तिसऱ्या ओळीत लिहिलंय की, प्रत्यक्ष क्षेत्रातून माहिती मिळवण्याची विशेष क्षमता. पुढच्या वर्षी दुसरा जिल्हा आणि कापूसही देणार. सर म्हणाले, पाचेक वर्षांत छोटा फंड सांभाळशील. दिवाळीला घरी गेलो नव्हतो, त्यामुळं पेढे ऑफिसातच वाटले.

२ नोव्हेंबर, रविवार

आज टोळी निघाली. मी काल रात्रीच्या गाडीनं आलो. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यातली मागची दादाची, निळी, कोरी. त्यावर नाव आरोहीचं घातलंय, गुलाबी अक्षरात. दादा सगळ्यांना हात लावून बघायला सांगत होता.

भांडी, ज्वारीचं पोतं, कोंबड्या, कोपीच्या चटया. आरोही कॉलेजचाच ड्रेस घालून, त्यावर बापाचा जुना शर्ट चढवून उभी होती. बंकट टोळी मोजत फिरत होता. तिच्यापाशी आला, तिचे हात उलटे-सुलटे करून बघितले आणि दादाला म्हणाला, "हिचा अर्धा धरला. म्हणजी तुझा दीड."

"तिकडं रेंज असती का हो काका?" आरोहीनं मला विचारलं. म्हणालो, असेल.

छबुआजी दारात उभी होती. ती यंदा गेली नाही. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं, बहुतेक बायका तर मुद्दाम.

वहिनीनं कुलूप लावलं आणि किल्ली मला दिली. "तुळशीला पाणी घालीत जा. न्हाईतर तुमी कुठं असता, आजींकडं देऊन ठेवा."

"वहिनी," म्हणालो.

"तुमचं झालं न्हवं पक्कं?"

"झालं."

"बरं झालं. घरात एकाचं तरी झालं." मग ती आरोहीला वर ओढून घेऊन बसली. आरोहीनं पिशवी मांडीवर घेतली. चौकोनी होती, बहुतेक पुस्तकं असावीत. ट्रॅक्टर रस्त्याला लागेपर्यंत मी तिथं होतो. वहिनीनं मागं बघितलं नाही. आरोहीनं हात केला.

किल्ली आजीकडं दिली. तिनं घेतली आणि दार लावून घेतलं.

सरांना उद्यापर्यंत आकडे हवेत. पारावर बसून घरवार मांडले. वाडीतून गेल्या वर्षीपेक्षा जास्त कोयते गेलेत, वेळेवर गेलेत. कंपनीला यंदा अडचण दिसत नाही. शेअर ठेवायला हरकत नाही.

आमच्या घरापुढं सवयीनं एक लिहिला होता. तो खोडून दीड केला.